यॉर्कमधली चाळीस चर्चेस: मध्ययुगीन कॅथेड्रल शहरात पॅरिश कशी चालायची

१३७७ साली इंग्लंडच्या राजदरबाराने माणशी डोईपट्टी लावली, तेव्हा यॉर्क शहरात ती भरणारे ७,२४८ जण निघाले. चौदा वर्षांखालची मुलं, धर्मगुरू आणि भीक मागून जगणारे त्यात नाहीत. ते सगळे मिळवले तरी वस्ती बारा ते पंधरा हजारांच्या फारशी पुढे जात नाही. एवढ्या वस्तीत पॅरिश चर्चेस, म्हणजे आपापल्या भागातल्या लोकांची चर्चेस, होती सुमारे चाळीस. शिवाय यॉर्क मिन्स्टर हे अवाढव्य कॅथेड्रल, सेंट मेरीज ॲबी हा गडगंज मठ, सेंट लेनर्डचं मोठं इस्पितळ आणि भिक्षुसंघांचे मठ वेगळेच. साधा भागाकार केला तर एका पॅरिशच्या वाट्याला जेमतेम १८० करदाते येतात.

एवढ्याशा शहरात एवढी चर्चेस कशासाठी? आणि नजरेत मावणार नाही असं कॅथेड्रल हाकेच्या अंतरावर असताना लोक या लहान चर्चेसमध्ये काय करत होते? मला वाटतं, मध्ययुगीन शहर समजून घ्यायचं असेल तर कॅथेड्रलपेक्षा हे प्रश्न जास्त कामाला येतात. यॉर्कला जाणारा बहुतेक प्रवासी मिन्स्टर बघतो आणि परततो. त्या शहरात जन्मलेल्या, राबलेल्या आणि मेलेल्या माणसांचा इतिहास मात्र बाजूच्या गल्ल्यांतल्या चर्चेसमध्ये आहे.

कॅथेड्रल कोणाचं होतं?

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन जिथे असतं ते चर्च. यॉर्कला तर आर्चबिशप होता आणि उत्तर इंग्लंडचा सगळा धर्मप्रांत त्याच्या अखत्यारीत होता. पण कॅथेड्रलचा रोजचा कारभार त्याच्या हातात नसे. तो बघायचा डीन आणि कॅननांचा चॅप्टर, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंचं एक मंडळ. कॅननांच्या जागा होत्या ३६. त्यांतले कितीतरी जण राजाच्या नाहीतर पोपच्या चाकरीत दूर असत. उत्पन्न यॉर्कचं आणि मुक्काम दुसरीकडे. त्यांच्या जागी उपासना गायला व्हिकर्स कोरल नावाचे धर्मगुरू नेमलेले असत. मिन्स्टरजवळच्या बेडर्न या आवारात ते एकत्र राहत आणि ठरलेल्या वेळी दिवसरात्र प्रार्थना गात.

आज दिसणाऱ्या मिन्स्टरचं बांधकाम १२२० च्या सुमारास सुरू झालं आणि १४७२ साली त्याचा पवित्रीकरण विधी झाला. अडीचशे वर्षं शहराच्या मधोमध पायाड उभे होते! पंधराव्या शतकात आत एक भव्य दगडी पडदा बांधला गेला. विल्यम द कॉन्करर ते सहावा हेन्री असे पंधरा राजे त्यावर रांगेत उभे आहेत. पडद्यापलीकडे धर्मगुरूंचं गायन, अलीकडे लोक. लोक मिन्स्टरला जात नव्हते असं नाही. सेंट विल्यमच्या समाधीला नवस बोलायला जात. १४०५ साली चौथ्या हेन्रीने आर्चबिशप रिचर्ड स्क्रोपचा शिरच्छेद केला, तेव्हा त्याच्या कबरीपाशीही लोकांची रीघ लागली. पण मूल झालं, लग्न ठरलं, घरात कोणी गेलं, की पाय वळायचे ते आपल्या पॅरिशकडे. मिन्स्टरच्या अगदी शेजारी, त्याच्या सावलीतच, सेंट मायकल-ल-बेल्फ्री हे पॅरिश चर्च उभं आहे. कॅथेड्रलच्या दारात राहणाऱ्यांनाही स्वतःची वेगळी पॅरिश लागत होती, याचा हा दगडातला पुरावा.

पॅरिश म्हणजे काय?

वसईकडचे ख्रिस्ती लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात, तीच ही पॅरिश: एक चर्च, त्याचा धर्मगुरू आणि त्याच्या हद्दीत राहणारी माणसं. मध्ययुगात मात्र तिच्यात निवडीला वाव नव्हता. रेशनचं दुकान जसं पत्त्यावरून ठरतं, तशी पॅरिश घरावरून ठरायची. पलीकडच्या गल्लीतला धर्मगुरू जास्त आवडतो म्हणून चर्चला द्यायचा दशांश तिकडे नेऊन देता येत नसे.

१२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने हे नातं आणखी घट्ट केलं. प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी स्वतःच्या पॅरिशच्या धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायची आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, असा तिचा नियम. म्हणजे वर्षातून एकदा हद्दीतला प्रत्येक माणूस धर्मगुरूच्या नजरेखालून जाई. कोण आलं नाही हे शेजाऱ्यांनाही कळे.

आता चाळीस हा आकडा. अकराव्या शतकात आणि त्याच्या आगेमागे चर्च बांधणं हे पुष्कळदा खाजगी काम असे. जमीनदार किंवा सधन व्यापारी आपल्या जागेत चर्च बांधायचा, धर्मगुरू नेमायचा आणि त्याच्या उत्पन्नावर हक्क सांगायचा. यॉर्कच्या सेंट मेरी, कॅसलगेट या चर्चमध्ये सापडलेल्या एका शिळेवर ते चर्च उभारणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांतलं एक नाव ग्रिम. हे नाव अस्सल स्कँडिनेव्हियन आहे. व्हायकिंगांनी हे शहर जिंकून तिथे वस्ती केली होती, त्यांच्याच वंशजांनी पुढे इथे चर्चेस बांधली.

बाराव्या शतकात चर्चचा कायदा काटेकोर झाला. दशांश कोणाचा, दफनाचा हक्क कोणाचा, हे लेखी ठरू लागलं आणि हद्दी गोठल्या. उत्पन्नाचा हक्क हातचा कोण सोडणार? म्हणून जी जुनी शहरं या आधीच भरभराटीला आली होती, तिथे पॅरिशची गर्दी दिसते. लंडनमध्ये शंभराहून अधिक पॅरिश होत्या. सॉल्झबरी हे कॅथेड्रल शहर तेराव्या शतकात नव्याने वसवलं गेलं, तिथे मोजक्याच.

पैसा कुठून यायचा आणि कुठे जायचा

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. खेड्यात हे सरळ होतं: दहावी पेंढी, दहावं कोकरू. शहरात कातडं कमावणारा, सोनार, दारू गाळणारी बाई यांचा नफा मोजायचा कसा? तो ज्याचा त्याने सांगायचा. त्यामुळे कमी सांगितलं जायचं, आणि मरताना मनाला टोचायचं. मध्ययुगीन मृत्युपत्रांत एक कलम इतक्या वेळा येतं की ते वाचून वाचून पाठ होतं: विसरलेल्या दशांशाबद्दल चर्चच्या मुख्य वेदीला अमुक इतके पैसे. त्याशिवाय मेलेल्या माणसाचा उत्तम अंगरखा किंवा तशीच एखादी चांगली वस्तू दफनाचा हक्क म्हणून धर्मगुरूकडे जायची.

हा पैसा नेहमी समोरच्या धर्मगुरूलाच मिळे असं नाही. यॉर्कमधल्या बऱ्याच चर्चेसचे हक्क मठांकडे होते. नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चवर मिकलगेटच्या होली ट्रिनिटी प्रायरी या मठाचा अधिकार होता. शहरातल्या लहान पॅरिशचं उत्पन्न तुटपुंजं, त्यात दुसरा वाटेकरी. म्हणून प्रत्यक्ष मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करणारा, आजाऱ्याच्या उशाशी मध्यरात्री धावणारा धर्मगुरू पुष्कळदा ओढगस्तीत असे.

पण या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट चर्चच्या इमारतीच्या मालकीत आहे. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये एक वाटणी पक्की झाली होती. वेदी असलेला पूर्वेकडचा भाग रेक्टरने, म्हणजे दशांशाचा हक्क असलेल्याने, सांभाळायचा, लोक उभे राहतात तो पश्चिमेकडचा मोठा भाग लोकांनी. छत गळलं, घंटेचा दोर तुटला, प्रार्थनेचं पुस्तक फाटलं, तर पैसे लोकांनीच काढायचे. वरून हा भुर्दंड वाटेल. पण खर्च आला की वर्गणी आली, वर्गणी आली की हिशेब आला, हिशेब आला की तो ठेवणारी माणसं आली. हेच चर्चवॉर्डन. पॅरिशमधल्याच गृहस्थांतून ते निवडले जायचे आणि मुदत संपताना सगळ्यांसमोर हिशेब मांडायचे.

स्परियरगेटवरच्या सेंट मायकल चर्चचे १५१८ पासूनचे असे हिशेब टिकून आहेत. या चर्चच्या मालकीची घरं होती. त्यांचं भाडं यायचं, म्हणून चर्चवॉर्डनांना घरमालकाची सगळी कामं करावी लागायची: कोणाचं भाडं थकलं, कुठली कौलं बदलली, सुताराला किती दिले, मेण किती आणलं. लॅटिन न येणारी, धर्मशास्त्राचा गंध नसलेली ही माणसं एक संस्था चालवत होती, तिची मालमत्ता सांभाळत होती. शहराच्या महापालिकेत सामान्य कारागिराला क्वचितच आवाज होता. इथे होता.

जन्मापासून मरणापर्यंत

मूल जन्मलं की होता होईतो लगेच, बहुधा त्याच दिवशी, त्याला बाप्तिस्म्यासाठी चर्चला नेत. आई सोबत नसायची; ती साधारण महिनाभराने, शुद्धीच्या विधीसाठी, मेणबत्ती घेऊन चर्चला यायची. मुलगा असेल तर दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, मुलगी असेल तर उलट. बाळ जगेल असं दिसत नसेल तर सुईणीने घरातच पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा. त्यासाठीचे शब्द तिला नीट येतात ना, हे बघणं धर्मगुरूचं काम होतं. बाप्तिस्म्याच्या कुंडाला कुलूपबंद झाकण असे, कारण ते पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेतील अशी भीती होती.

या जन्माची नोंद मात्र कुठे होत नसे. पॅरिशची नोंदवही १५३८ साली आली. त्याआधी एखाद्या वारसाचं वय सिद्ध करायचं झालं तर शेजारी साक्षीला उभे राहत: त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच आठवड्यात माझं लग्न झालं, त्याच वर्षी माझा भाऊ वारला. पॅरिशमधल्या लोकांची आठवण हेच दप्तर होतं.

लग्नाचंही तसंच. लग्नाची घोषणा चर्चमध्ये आधी करावी असा नियम होता, पण कायद्याने बघाल तर दोघांनी वर्तमानकाळात एकमेकांना वचन दिलं की लग्न लागलं, मग ते स्वयंपाकघरात असो की रस्त्यावर. मागाहून एकाने नाकारलं की प्रकरण आर्चबिशपच्या न्यायालयात जाई. अशा खटल्यांची कागदपत्रं चौदाव्या शतकापासून यॉर्कमध्ये जपलेली आहेत आणि आता ती तिथल्या विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मोलकरणी, कारागिरांच्या बायका, शेजारणी काय बघितलं आणि काय ऐकलं ते सांगतात. ज्या बायकांचं नाव एरवी कुठेच आलं नसतं त्यांची साक्ष लेखनिकाने लॅटिनमध्ये का होईना, लिहून ठेवली आहे.

रविवारची मिस्सा लॅटिनमध्ये चाले. बहुतेकांना शब्द कळत नसत, पण क्षण कळत. धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरे, घंटा वाजे, सगळे गुडघ्यांवर येत. मिस्सा संपल्यावर साधा पाव आशीर्वादित करून वाटला जाई आणि तो आणायची पाळी घरोघर फिरे. शिकवण मात्र इंग्रजीतून द्यावी यावर आर्चबिशप जॉन थोर्सबीने जोर दिला. १३५७ साली त्याने धर्मगुरूंसाठी एक पाठ तयार करवला: श्रद्धेची कलमं, दहा आज्ञा, सात संस्कार, सात दयाकृत्यं, सात सद्गुण, सात महापापं. हे रविवारी लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचं आणि उपवासकाळात कबुलीच्या वेळी त्यावर प्रश्न विचारायचे.

एक खिडकी जवळून

नॉर्थ स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्समध्ये हा पाठ काचेत उतरलेला दिसतो. साधारण १४१० च्या आसपासची एक खिडकी सहा दयाकृत्यांची आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. प्रत्येक चौकटीत तोच एक दाढीवाला, सधन गृहस्थ दिसतो. कैद्यांच्या चौकटीत लाकडी खोड्यात पाय अडकलेली माणसं आहेत. ही खिडकी ब्लॅकबर्न या व्यापारी घराण्याने दिली असं मानतात. त्यांच्यातला निकोलस ब्लॅकबर्न १४१२ साली यॉर्कचा मेयर होता. सातवं दयाकृत्य, मृताला माती देणं, इथे नाही, कारण मॅथ्यूच्या शुभवर्तमानात सहाच सांगितली आहेत.

त्याच चर्चमध्ये दुसरी खिडकी जगाच्या शेवटच्या पंधरा दिवसांची. एका इंग्रजी धार्मिक काव्यावरून ती केली आहे आणि खालून वर वाचायची आहे. समुद्र डोंगराएवढा चढतो, मग ओसरतो, मासे किनाऱ्यावर येऊन ओरडतात, इमारती कोसळतात, माणसं बिळांत लपतात आणि बाहेर येऊन प्रार्थना करतात, तारे गळतात, सगळे मरतात, शेवटी आग. प्रत्येक चौकटीखाली ओळी आहेत आणि त्या उत्तरेकडच्या इंग्रजीत आहेत. अगदी तळाशी गुडघे टेकून बसलेली माणसं आहेत, खिडकीचा खर्च देणारी. लॅटिन न येणाऱ्या पण स्वतःची भाषा वाचू लागलेल्या शहरी माणसांनी स्वतःसाठी हे करवून घेतलं. मिन्स्टरची पूर्वेकडची प्रचंड खिडकी, जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ मध्ये केलेली, तीही जगाच्या अंताचीच. ती बघताना मान मोडते आणि थक्क व्हायला होतं. पण ऑल सेंट्सची खिडकी जवळ उभं राहून वाचता येते, आणि मला ती जास्त बोलकी वाटते.

याच चर्चला लागून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला एमा रॉटन नावाची तपस्विनी राहत होती. तिने स्वतःला एका खोलीत कायमचं कोंडून घेतलं होतं. तिला झालेले मेरीमातेचे दृष्टान्त दूरच्या सरदारांपर्यंत पोचले, त्यांची नोंद झाली. एका गल्लीतल्या चर्चच्या भिंतीआडून एका बाईचा शब्द तेवढ्या दूर गेला.

मेलेल्यांची आठवण

मध्ययुगीन श्रद्धेनुसार बहुतेक माणसं मेल्यावर सरळ स्वर्गात जात नाहीत. शुद्धिस्थानात पापांचं प्रायश्चित्त भोगतात. जिवंत माणसांच्या प्रार्थनेने, मिस्सेने हा काळ कमी होतो. म्हणून मेलेल्याचं नाव घेत राहणं हे पॅरिशचं मोठं काम होतं. ज्याच्याकडे पैसा होता तो चँट्री काढायचा, म्हणजे आपल्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणायला एक धर्मगुरू कायमचा नेमून त्याच्या पगाराची सोय करायची.

ही सोय कशी करत ते गुडरमगेट या रस्त्यावर आजही दिसतं. होली ट्रिनिटी चर्चच्या दफनभूमीच्या कडेला, रस्त्याच्या बाजूने, १३१६ साली लाकडी सांगाड्याच्या लहान घरांची एक ओळ बांधली. खाली एक खोली, वर थोडी पुढे आलेली दुसरी खोली. तिच्या भाड्यातून चर्चमधल्या मेरीमातेच्या वेदीवरच्या धर्मगुरूचा खर्च निघायचा. लेडी रो नावाने ओळखली जाणारी ही ओळ म्हणजे यॉर्कमधली आज उभी असलेली सर्वांत जुनी घरं. इथे राहणारा भाडेकरू महिन्याच्या महिन्याला कोणाच्या तरी आत्म्याची काळजी वाहत होता म्हणायचं.

गरिबाला चँट्री परवडत नसे, पण मृत्युपत्रात दोन पौंड मेण, शेजारच्या गरिबांना पाव, चर्चच्या घंटेला थोडे पैसे एवढं तरी असे. बायका आपली जपमाळ, डोक्यावरचं वस्त्र, चांगली चादर मेरीच्या मूर्तीला नाहीतर वेदीला ठेवत.

आणि ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही ते? ऑल्डवार्क भागात सेंट हेलन-ऑन-द-वॉल्स हे गरीब पॅरिशचं लहानसं चर्च होतं. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा हजाराहून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले. लहान मुलं, तरुणपणीच गेलेल्या बायका, झिजलेले सांधे. साठी ओलांडलेले फारच थोडे. ही पॅरिश कशी जगली याचे कागद नाहीत, हाडं आहेत.

१३४९ साली प्लेग यॉर्कमध्ये पोचला. आर्चबिशप विल्यम झूशने आदल्याच वर्षी पत्र पाठवून मिरवणुका आणि प्रार्थना करायला सांगितलं होतं. त्याच्या धर्मप्रांतात पॅरिशवर नेमलेल्या धर्मगुरूंपैकी सुमारे ४० टक्के गेले. मरणाऱ्याची कबुली ऐकायला जाणं हे त्यांचं कामच होतं, आणि ते गेले. पुढच्या काळात मृत्युपत्रांत आत्म्याच्या सोयीसाठी एवढा पैसा का दिसतो, हे या वर्षाशिवाय समजत नाही.

पुढे काय झालं

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात यॉर्कचा कापडधंदा पश्चिमेकडच्या लहान गावांकडे सरकला आणि शहर रोडावत गेलं. सोळाव्या शतकाच्या मध्याला वस्ती आठ हजारांच्या आसपास उरली होती, चर्चेस मात्र तेवढीच. १५३९ साली आठव्या हेन्रीने सेंट मेरीज ॲबी बंद केली. १५४७ साली सहाव्या एडवर्डच्या राज्यात चँट्री रद्द झाल्या. मेलेल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली घरं, भाडी, मेणबत्त्या राजाच्या खजिन्यात गेली. मूर्ती उतरल्या, भिंतींवर चुना फासला गेला. त्याच वर्षी यॉर्कच्या पॅरिश एकमेकांत विलीन करायला परवानगी देणारा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी अखेर १५८६ मध्ये झाली आणि डझनाहून अधिक चर्चेस पॅरिश म्हणून संपली. सेंट हेलन-ऑन-द-वॉल्स त्यांतलंच. दगड विकले गेले, जागा भाड्याने गेल्या.

काच मात्र बरीचशी वाचली. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४४ मध्ये, संसदेच्या फौजांनी शहर घेतलं तेव्हा त्यांचा एक सेनापती टॉमस फेअरफॅक्स याच भागातला होता. त्याने चर्चेसना हात लावू दिला नाही. कोनी स्ट्रीटवरच्या सेंट मार्टिन चर्चची १४३७ ची खिडकी दुसऱ्या महायुद्धात आधीच काढून ठेवली होती, म्हणून १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं तरी ती राहिली.

विलीन झालेल्या पॅरिशमध्ये चर्चवॉर्डन होतेच. १५३८ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद पॅरिशकडे आली. १६०१ च्या कायद्याने गरिबांना मदत करायची जबाबदारीही प्रत्येक पॅरिशवर टाकली: कर बसवायचा, गोळा करायचा, वाटायचा, आणि त्यासाठी नेमलेल्या माणसांत चर्चवॉर्डन आपोआप असायचे. छत दुरुस्त करायला वर्गणी काढणाऱ्या आणि मेणाचा हिशेब लिहिणाऱ्या शेजाऱ्यांच्या त्या मंडळावर पुढची दोनशेहून अधिक वर्षं इंग्लंडमधल्या गरिबांचं जेवण अवलंबून राहिलं.